नवाब ऊर्फ रंगराव

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सरडा माझा नव्हता. हे वाक्य मी यंदाच्या मे महिन्यात जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलासमोर उभं राहून उच्चारलं, आणि शेजारी उभे असलेले मुबारकभाई ताबडतोब म्हणाले, "माझा तर बिलकुल न्हाई." त्याआधीचे आठ महिने मात्र आम्ही दोघंही अख्ख्या गल्लीला उलटंच सांगत होतो.

मी अण्णासाहेब. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासतो. म्हणजे ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळायचे, आठवड्यानं उलगडायचे आणि किती जणांनी डोकं वर काढलं ते लिहायचं. बावीस वर्षं हेच करतोय. त्यामुळं ओल आणि बुरशी या दोन विषयांवर माझा शब्द शेवटचा, असं निदान मी तरी मानतो. मुबारकभाई माझे शेजारी. त्यांचं कूलर बनवायचं दुकान आहे. एप्रिल-मे महिन्यात जालन्यात कूलरवाल्याला जी किंमत येते ती कलेक्टरलाही नसते, आणि ती त्यांच्या चालण्यात दिसते.

आमच्या दोन घरांच्या मध्ये भिंत नाही, मेहंदीचं कुंपण आहे. ते कोणी लावलं हे कोणालाच आठवत नाही. त्या कुंपणावर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो आला. मान हलवत पळणारा साधा सरडा नव्हे. हा खरा रंग बदलणारा. चिमट्यासारखी बोटं, गुंडाळलेली शेपटी, आणि दोन डोळे दोन दिशांना. पाऊल टाकायचं की नाही यावर फांदीवर झुलत झुलत इतका विचार करायचा, की मला आमच्या साहेबांची आठवण यायची. मी त्याचं नाव रंगराव ठेवलं. कुंपणापलीकडून मला ऐकू येईल अशा आवाजात मुबारकभाई त्याला 'नवाबसाब' म्हणायला लागले.

'ऐकू येईल अशा आवाजात' म्हटलं, कारण आम्ही तेव्हा बोलत नव्हतो. त्यांच्या मुलाच्या, अदनानच्या लग्नाचं कार्ड सगळ्या गल्लीत हातोहात वाटलं गेलं आणि मला मात्र मोबाईलवर फोटो आला. फोटो! सोळा वर्षांच्या शेजाराला! मी लग्नाला गेलो नाही. माझी बायको दैवशाला गेली, जेवली, आणि येताना माझ्यासाठी डबा भरून शीरखुर्मा घेऊन आली. तो मी रागारागानं खाल्ला. दैवशाला आणि मुबारकभाईंची बायको बदरुन्निसाभाभी यांचं बोलणं मात्र एक दिवसही बंद पडलं नाही. कुंपणावरून वाट्या जातच होत्या. आमचं भांडण त्या दोघी, घरात लहान मुलाला कांजिण्या आल्यासारखं, 'जाईल आपोआप' म्हणून बघत होत्या.

आता सरडा. मार्चमध्ये मागच्या घरच्या बेबीनंदावहिनींच्या मांजरानं त्याच्यावर झडप घातली. थोडक्यात वाचला. मी दुसऱ्याच दिवशी माझ्या बाजूनं कुंपणाला हिरवी शेडनेट बांधली. संध्याकाळी येऊन बघतो तर पलीकडून मुबारकभाईंनी कूलरची जाळी ठोकलेली. माझ्यापेक्षा बारीक छिद्रांची! मंग मी वरूनही नेट टाकली. उन्हाळा वाढला तसं मी हातपंपानं दिवसातून तीनदा त्याच्यावर फवारा मारायला लागलो. त्यांनी खिडकीत एक कूलर उलटा बसवला, तोंड कुंपणाकडं. जालन्यात बेचाळीस डिग्रीत माणसं भाजत होती आणि तो सरडा महाबळेश्वरला असल्यासारखा गारठून बसला होता. आपली दोघांची माया त्याच्या अंगावर दिवसरात्र थेंबाथेंबानं गळतेय, हे आम्हाला कळायला महिना गेला.

डाग आधी मला दिसला. सकाळी तो ऊन शोधत फांदीच्या टोकाला आला की अंग हिरवं व्हायचं. त्या दिवशीही झालं, पण डाव्या कुशीवरचा रुपयाएवढा ठिपका काळाच राहिला. दुपारी तो तपकिरी झाला, ठिपका काळाच. चार दिवसांनी तिथं फोड आला, सहाव्या दिवशी फुटला आणि आतून पिवळं पाणी यायला लागलं. शेपटीचं टोक वाळलेल्या शेंगेसारखं झालं. मागच्या पायाचं एक बोट सुजलं. दिवसाढवळ्या तो डोळे मिटून बसायला लागला.

गल्लीचे सल्ले सुरू झाले. बेबीनंदावहिनी पंचांग घेऊनच आल्या.

"सरडा माणसाच्या अंगावर पडला तर काय फळ ते समदं दिलंय बघा," त्या म्हणाल्या, "पण सरड्याच्याच अंगावर कायी उठलं तर... न्हाई, न्हाई दिलेलं. तुम्ही आपली हळद लावा."

प्रयोगशाळेतले आमचे काकासाहेब म्हणाले, "बियाण्याला लावतो ते बुरशीनाशक लावून टाक. उगवण सुधारते."

"काकासाहेब, तो उगवायचा न्हाईये, जगायचाय."

"मंग दवाखान्यात ने. पण कोणाचा म्हणून सांगू नको. तो संरक्षित प्राणी आहे. पाळणाऱ्याला आत टाकतात."

मी दिवसभर मोजलेली पाकिटं पुन्हा मोजत बसलो. घरी आलो तर कुंपणापाशी मुबारकभाई उकिडवे बसलेले. त्यांनी आपला कूलर बंद केला होता. माझ्याकडं न बघता ते जाळीतून म्हणाले, "नवाबसाब, कोणाला तरी सांगा, की आता दवाखान्यात न्यावं लागतंय."

मीही जाळीकडं बघत म्हणालो, "रंगराव, सांग त्यांना, उद्या सुट्टी टाकतो."

जवळच्या जनावरांच्या दवाखान्यातला माणूस भला होता. त्यानं रजिस्टर उघडलं. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा. त्यानं बोटानं रकाने वरून खाली पाहिले, खालून वर पाहिले. "इतर मध्ये टाकतो," तो म्हणाला. "मालकाचं नाव?"

"माझा न्हाई," मी म्हणालो.

"माझा तर बिलकुल न्हाई."

"मंग आला कसा?"

आम्ही दोघांनी टोपलीकडं बघितलं. टोपली बदरुन्निसाभाभींची, रोट्या ठेवायची. आतला मऊ कपडा दैवशालाच्या जुन्या साडीचा. त्या माणसानं रजिस्टर हळूच मिटलं आणि सांगितलं, की सरपटणाऱ्या प्राण्यांचं शिकलेल्या एक डॉक्टरीण आहेत, डॉ. अर्पिता. पण त्या अंकुशनगरला बसतात, साखर कारखान्यापाशी.

अंबडच्या पुढं जायचं, तेही मेच्या उन्हात! माझी स्कूटर पंक्चर. म्हणजे मुबारकभाईंच्या मोटारसायकलवर, त्यांच्या मागं, मांडीवर टोपली घेऊन. दीड वर्ष ताठ ठेवलेली मान अशा बैठकीत किती वेळ ताठ राहणार? पहिल्याच गतिरोधकाला माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं.

"नवाबसाब," ते पुढं बघत ओरडले, "मागच्यांना सांगा, गच्च धरा म्हणावं."

"रंगराव, पुढच्यांना म्हणावं, खड्डे बघून चालवा."

अंबड येईपर्यंत त्या आजारी जीवानं असे पंधरावीस निरोप पोहोचवले. अंबडच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो. टोपली सावलीत ठेवली. मुबारकभाईंनी झाकण उचलून बघितलं. तो डोळे मिटून, कपड्याला धरून पडला होता. सगळा राखाडी. त्यांचा हात झाकणावर तसाच राहिला.

"अण्णा," ते म्हणाले. सरळ मला. "लग्नाला का न्हाई आले तुम्ही?"

"कार्ड कुठं दिलं तुम्ही? फोटो पाठवला."

"अरे भाई, मी तुम्हाला फोटो पाठवला तो छपाई बराबर आहे का बघायला! पहिला फोटो, प्रेसमधून. शुद्धलेखन तुम्हीच बघून राह्यले ना माझ्या दुकानाच्या पाट्यांचं?"

"आणि कार्ड?"

"घरच्याला कोणी कार्ड देतं का?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी मांडवात तुमची खुर्ची धरून ठेवल्ती. माझ्या भावानं, अतिकनं बसायचं म्हटलं तर त्याला उठवलं."

मी रस पीत राहिलो. ग्लास रिकामा झाल्यावरही पीत राहिलो. मला 'चुकलं' म्हणायचं होतं, पण बावीस वर्षं इतरांच्या उगवणीचे निकाल देणाऱ्याला स्वतःचा निकाल देता येत नाही. शेवटी एवढंच म्हणालो, "येताना मी चालवतो. तुमचे हात भरून आले असतील."

"बराबर," ते म्हणाले.

डॉ. अर्पिता तिशीच्या आतल्या होत्या. गाळप संपून ऊसतोडीच्या गाड्या गावोगाव परतल्या होत्या, त्यामुळं दवाखान्यात एकही बैल नव्हता. टोपली उघडताच त्या खुर्चीवरून उठल्या. त्यांनी त्याला तळहातावर असं घेतलं, जसं आम्ही मोड आलेला दाणा उचलतो. भिंगातून कूस बघितली, पोट बघितलं, तोंड उघडून बघितलं.

"कातडीत खोल जंतुसंसर्ग झालाय. वर बुरशीही असेल. शेपटीचं टोक मेलंय, तेवढं काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "याला सकाळचं ऊन लागतं, मोकळा वारा लागतो. अधूनमधून पाणी ठीक. पण हा तर कित्येक दिवस ओलाच आहे! एवढं पाणी कोण मारत होतं?"

मी मुबारकभाईंकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

बुरशीवर शेवटचा शब्द असलेल्या माणसाची मान त्या टेबलासमोर किती खाली गेली, ते सांगत नाही. मी रोज कागदात जे मुद्दाम करतो, ओल कोंडून ठेवणं, तेच कुंपणात केलं होतं. फक्त इथं उगवली ती बुरशी.

डॉक्टरबाईंनी जखम धुतली. शेपटीचं टोक काढताना मुबारकभाई बाहेर गेले आणि मी भिंतीवरचं म्हशींच्या जातींचं चित्र पाठ केलं. एक इंजेक्शन झालं. "दर तीन दिवसांनी एक, सात इंजेक्शनं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी औषध. आणि मला वनखात्याला कळवावं लागेल. हा जंगली प्राणी आहे. तुम्ही जालन्यात कुठं राहता?"

मी पत्ता सांगितला.

"अहो, मी तुमच्या मागच्याच गल्लीत राहते! रोज तिथूनच इकडं ये-जा करते."

मुबारकभाईंनी मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक रामप्रसाद घरी आले. उंचपुरे, मिशा, खाकी. दैवशालानं पोहे केले, भाभींनी चहा पाठवला, आणि पंचनामा सुरू झाला. प्रजाती, लांबी, जखमा. मंग आला रकाना : रंग.

"हिरवा," मी म्हणालो. त्यांनी लिहिलं.

"साहेब, बघा ना, पिवळा झालाय," मुबारकभाई म्हणाले. त्यांनी खोडलं, पिवळसर लिहिलं. सही करेपर्यंत तो तपकिरी झाला. तीन खाडाखोडी झाल्यावर रामप्रसादांनी कपाळाचा घाम पुसला आणि लिहिलं : 'रंग – बदलता.' त्यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

मंग त्यांनी पान उलटलं. "आता मालकाचं. जाळी कोणाची? कोणी कोंडला होता?"

मी तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं, दवाखान्यातलंच. तेवढ्यात मुबारकभाईंनी माझ्या बाहीला धरून मला मेहंदीपाशी नेलं.

"अण्णा, मी खोटं न्हाई बोलणार," ते हळू म्हणाले. "माझी जाळी आहे, मी सांगतो. पण आतून भीती वाटून राह्यली. तुमचं नाव लिहिलं तर प्रकरण होईल. माझं लिहिलं तर बातमी होईल. अदनानची नोकरी नवीन आहे."

सोळा वर्षांत हा माणूस मला घाबरलेला दिसला नव्हता. भर उन्हात पत्र्यावर चढून कूलर बसवणारा माणूस! भीती मलाही होती. नोकरीची पाच वर्षं राहिली होती. पण माझी भीती मला अचानक फार किरकोळ वाटली, आणि त्याची लाजही वाटली.

मी परत खुर्चीवर बसलो. "लिहा साहेब. जाळी मी बांधली, आधी मी. मांजरापासून वाचवायला. पाणी मी मारलं. नाव अण्णासाहेब. हे माझे शेजारी, यांनी मला दवाखान्यात नेलं."

"खोटं आहे!" मुबारकभाई मागून ओरडले. "अर्धी जाळी माझी! कूलर पण माझा! लिहा!"

"तुम्ही गप बसा हो!"

"का गप बसू? नवाबसाब एकट्या तुमचे हायेत का?"

रामप्रसादांनी पेन खाली ठेवलं. "पंधरा वर्षांच्या नोकरीत," ते म्हणाले, "गुन्हा आपल्याच नावावर लिहा म्हणून भांडणारे पहिल्यांदा बघून राह्यलो." ते उठून अंगणात गेले, त्यांच्या साहेबांना फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं : "हो सर. न्हाई सर. स्वतःच आणला सर. दोघं. न्हाई सर, दोघंही रडायच्या बेतात आहेत."

मी रडायच्या बेतात नव्हतो, हे इथं नमूद करतो.

साहेबांनी समज देऊन सोडलं. जाळ्या त्याच तासाला काढायच्या, लेखी हमी द्यायची, आणि सरडा बरा होईपर्यंत वनखात्याच्या रोपवाटिकेत राहील. तिथली एक हवेशीर खोली, उगवतीकडं जाळीची खिडकी. सगळं ठरलं. मंग रामप्रसादांनी घसा खाकरला.

"एक अडचण आहे. औषध लावायला त्याला धरावं लागतं ना?"

"हो."

"मला..." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "बिबट्या चालतो. साप चालतो. हे डोळे फिरवतं ते मला न्हाई चालत."

अशा रीतीनं आम्ही दोघं रोज सकाळी सहा वाजता रोपवाटिकेत जायला लागलो. मुबारकभाई धरायचे. लोखंडी पत्रा वाकवणारे ते हात इतके हलके होतील असं मला वाटलं नव्हतं. मी आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसानं जखम टिपायचो, कोरडी करायचो, वर मलम लावायचो. डॉ. अर्पिता कारखान्याला जाण्याआधी येऊन इंजेक्शन द्यायच्या. रामप्रसाद दाराबाहेरून सूचना करायचे. नंतर आम्ही दोन प्रतिष्ठित गृहस्थ रोपांच्या वाफ्यांत रांगत नाकतोडे पकडायचो. तो नाकतोड्यांकडं बघायचासुद्धा नाही.

नवव्या दिवशी त्यानं डोळेच उघडले नाहीत. फांदीवरची पकडही सुटली. मुबारकभाईंनी त्याला हातात घेतलं आणि खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात धरून बसले. डॉक्टरबाई इंजेक्शन देऊन गेल्या. जाताना दारातून त्यांनी दोनदा वळून बघितलं. दहा वाजले. कंपनीचा फोन आला, मी उचलला नाही. भाभी आणि दैवशाला रिक्षानं डबा घेऊन आल्या आणि आमच्या शेजारी बसल्या. भाभींचे ओठ हलत होते. दैवशालानं पदरानं त्या हातावर ऊन जास्त होऊ नये म्हणून सावली धरली, मंग थोडी काढली, मंग परत धरली.

"माझ्याच कूलरनं," मुबारकभाई पुटपुटले.

"माझा पंप विसरून राह्यले तुम्ही," मी म्हणालो. दुसरं काय सांत्वन करणार!

तो दिवस गेला. दहावा गेला. अकराव्या दिवशी सकाळी मी नाकतोडा चिमट्यात धरून, बिलकुल आशा नसताना, त्याच्या तोंडापुढं सवयीनं नेला. एक डोळा उघडला. तो नाकतोड्याकडं वळला. दुसरा डोळा उघडला, तोही वळला. आणि सटकन जीभ आली, नाकतोडा गेला. चिमटा माझ्या हातातून खाली पडला. मुबारकभाई "या अल्लाह!" म्हणून इतक्या जोरात ओरडले, की बाहेर रामप्रसादांनी शिट्टी वाजवली.

मंग तो सुधारतच गेला. तिसऱ्या आठवड्यात जुनी कातडी पांढऱ्या कागदासारखी सुटली. खाली डाव्या कुशीवर व्रण होता, पण कोरडा, बंद. शेपटी दोन बोटं आखूड झाली. आणि एका सकाळी तो उन्हात हिरवा होत गेला, तेव्हा तो व्रणही हळूहळू, अंगाच्या मागून चालत आल्यासारखा, हिरवट झाला. आम्ही दोघं ते बघत उभे होतो. मला मुबारकभाईंचा खांदा धरावासा वाटला. धरला.

आदेश आला : मानवी वस्तीत नाही, रानात सोडायचा. मेहंदीचं कुंपण बाद. दैवशाला म्हणाली, "बरंच झालं, मांजर तरी न्हाई तिथं," आणि आत जाऊन भांडी फार वाजवायला लागली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका कोरड्या सकाळी रामप्रसाद आम्हाला गावाबाहेरच्या टेकडीवर घेऊन गेले. खाली जालना धुरकट दिसत होतं, वर बोरीची झुडपं. मुबारकभाईंनी हात फांदीला लावला. तो लगेच उतरला नाही. पुढचा पाय उचलला, झुलला, विचार केला. मंग फांदी धरली. मंग दुसरा पाय. आखूड शेपटी मुबारकभाईंच्या करंगळीभोवती गुंडाळलेली होती, ती सगळ्यात शेवटी सुटली.

पानांत तो थोडा वर गेला. हिरवा होता, जरा पिवळा झाला, मंग बोरीसारखा झाला.

रामप्रसाद कागद घेऊन मागं उभे होते, सुरक्षित अंतरावर. "गेला का? वेळ लिहायची आहे, गेल्याची."

"थांबा," मुबारकभाई म्हणाले. "अजून दिसून राह्यला."

मी झुडपाकडं बघत होतो. पानं होती, काटे होते, वाऱ्यानं हलणाऱ्या फांद्या होत्या. मला काहीच दिसत नव्हतं. मी मुबारकभाईंकडं बघितलं. त्यांचे डोळे इतके भरलेले होते, की त्यांनाही झुडूप तरी दिसत असेल की नाही, शंका होती.

"हो," मी म्हणालो. "तिसऱ्या फांदीवर. बसलाय."

"हां, तिसऱ्या."

रामप्रसादांनी पेनाला टोपण लावलं आणि जवळच्या दगडावर बसून घेतलं.